बंद गाडीचे युरोपदर्शन

युरोपात लांब पल्ल्याचा मोटारप्रवास आणि वाटेत मोटार बंद पडणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जन्माला आल्या. ऑगस्ट 1888मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये बेर्टा बेन्झ यांनी पती कार्ल बेन्झ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार पहाटे त्यांना न सांगता बाहेर काढली, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि त्या फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. तोवर मोटार म्हणजे आसपासच्या रस्त्यांवर फिरवून दाखवायची वस्तू होती. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे कपड्यांचे डाग काढायचे द्रव विकत घेतले गेले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ झाली. वायर उघडी पडली, तिथे पायमोजे बांधायचा पट्टा गुंडाळला गेला. साखळीचे काम लोहाराने केले, लाकडी ब्रेकना चांभाराने चामडे ठोकून दिले आणि चढ आला की मुलांनी खाली उतरून धक्का मारला. इंजिन तापायचे, म्हणून दिसेल तिथून पाणी भरावे लागले. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर बाईंनी नवऱ्याला तार केली. ब्रेकला अस्तर लावण्याची युक्ती आणि चढासाठी जादा गिअर ही या प्रवासाची मिळकत.

त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत गाड्या पार बदलल्या, पण बिघाडांची यादी जवळपास तीच राहिली: इंधन, चाके, वायरी, ब्रेक आणि चढ. भर पडली ती नियमांची. युरोपात बंद पडलेली गाडी कधी वाया जात नाही. तिच्या मागोमाग एखादा कायदा येतो, एखादी संस्था उभी राहते, एखादे स्टिकर छापले जाते, आणि यातले काहीच जमले नाही तर निदान दंडाची पावती तरी फाडली जाते. तिथल्या लांबच्या मोटारप्रवासाचे शास्त्र शिकणाऱ्याने म्हणूनच बॉनेटखाली पाहावे त्याहून जास्त रस्त्याच्या कडेला पाहावे.

बिघाडांत पहिला नंबर चालकाचा लागतो. भारतातून जाणाऱ्या चालकाकडे आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना असतो. तो 1949च्या जिनिव्हा करारावर आधारलेला, वर्षभर चालणारा आणि अनेक भाषांत छापलेला असतो. चालकाच्या हातांना मात्र यांतली एकही भाषा येत नाही. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपात वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग गाडीत डावीकडे असते. पुण्या-नागपुरात वर्षानुवर्षे गिअर टाकलेला डावा हात सवयीने गिअर शोधायला जातो आणि दारावर आपटतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो, युरोपात तो डावीकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाआधी लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरतात आणि गाडी कुणाला न सांगता वळते. मागचा ड्रायव्हर आधी आभाळाकडे बघतो आणि मग ब्रेक मारतो.

भाड्याने घेताना गिअरची गाडी स्वस्त आणि ऑटोमॅटिक महाग असते. काटकसरी कुटुंब गिअरची घेते आणि फरकाच्या पैशांचा हिशेब आइसक्रीममध्ये करते. पुढे एखाद्या डोंगराळ गावात चढावरच्या सिग्नलला हॅण्डब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याचे कौशल्य दाखवले जाते. दुसऱ्या-तिसऱ्या सिग्नलपर्यंत जळका वास येऊ लागतो. घरातले वडीलधारे तो वास पुढच्या ट्रकचा असल्याचे सांगतात. ट्रक निघून गेल्यावरही वास तिथेच राहतो. जळलेला क्लच ही बहुतेक भाडेकरारांत चालकाची चूक मानली जाते आणि ती विम्यात बसत नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेले असते. फक्त ते वाचण्याची वेळ वास आल्यानंतर येते.

गाडी ठणठणीत असूनही थांबवली जाण्याचे कारण म्हणजे हायवेचे स्टिकर. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, चेकिया, हंगेरी असे अनेक देश टोलनाक्याऐवजी ठरावीक मुदतीचा पास घ्यायला लावतात. ऑस्ट्रियाने तो 1997मध्ये सुरू केला आणि थोड्या दिवसांचा पासही ठेवला. स्वित्झर्लंडचा पास 1985पासूनचा. तो एकाच प्रकारचा, वर्षाचा, 40 फ्रँकचा. दोन तासांत देश ओलांडणाऱ्यालाही वर्षाचाच घ्यावा लागतो. त्याची मुदत आदल्या 1 डिसेंबरपासून पुढच्या 31 जानेवारीपर्यंत असते. मराठी माणसाच्या दुष्काळात तेरावा महिना येतो, स्विस पासात चौदावाही असतो. हा पास 2023पासून ऑनलाइनही मिळतो. पण कागदी घेतला तर काचेला कायमचा चिकटवावा लागतो. घरी परत नेऊन पुढच्या वर्षी नात्यातल्या कुणाला देता यावा म्हणून तो सेलोटेपने हलकेच लावण्याची कल्पना पोलिसांना आधीपासून माहीत आहे.

इंधनासाठी आता औषधाच्या दुकानात जावे लागत नाही. पंप जागोजाग आहेत. फक्त ‘टाकी फुल’ म्हणून सांगावे असा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. इटलीत तो काही पंपांवर असतो, पण त्याच्या हातचे पेट्रोल स्वतः भरलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडते. एकाच छपराखाली एकाच टाकीतल्या पेट्रोलचे दोन भाव पाहून चालक तडफेने खाली उतरतो आणि नळी उचलतो. नेमकी कोणती नळी उचलली, यावर पुढचे तीन दिवस अवलंबून असतात. फ्रान्समध्ये डिझेलला ‘गाझोल’ म्हणतात, इटलीत ‘गासोलियो’, तर स्पेनमध्ये ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल. नळ्यांच्या रंगांवरही सगळ्या देशांचे एकमत नाही. या गोंधळावर उपाय म्हणून युरोपीय संघाने ऑक्टोबर 2018पासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाआड सारखीच चिन्हे लावायला सुरुवात केली. पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन, गॅसला पत्त्यांतली चौकट. शब्द वाचायचे नाहीत, आकार जुळवायचा, एवढे सोपे काम आहे. बालवाडीतली मुले ते करतात. मोठी माणसे त्या वेळी लिटरचा भाव रुपयांत किती होतो ते काढत असतात.

डिझेलची नळी साधारणपणे जाड असते, त्यामुळे ती पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही. पेट्रोलची बारीक नळी मात्र डिझेलच्या गाडीत सहज जाते, आणि नुकसान तिथेच जास्त होते. डिझेल हे इंधनही असते आणि जास्त दाबाच्या पंपाचे वंगणही. पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. चूक पंपावरच लक्षात आली आणि चावी फिरवली नाही, तर टाकी रिकामी करून निभावते. चावी फिरवली की पंप, नळ्या आणि इंजेक्टर अशी बिलाची लांबी वाढत जाते. मागे रांग लागलेली असते, कुणीतरी हॉर्न वाजवतो, आणि गाडीतून सल्ला येतो, ‘‘जरा चालू करून बाजूला तरी घे.’’ त्या पाच मीटरची किंमत कधीकधी संपूर्ण सहलीएवढी होते.

इंधन चुकीचे भरण्यापेक्षा अजिबात न भरणे स्वस्त, असे कुणाला वाटेल. जर्मनीच्या ऑटोबानवर कारणाशिवाय थांबायला मनाई आहे, आणि इंधन संपणे हे तिथे कारण धरले जात नाही. काटा समोर होता, पंपांच्या पाट्या होत्या, मग संपले कसे, हा प्रश्न तिथले पोलीस विचारतात. ‘पुढच्या पंपावर स्वस्त असेल’ हे उत्तर खरे असले तरी उपयोगाचे नाही. हायवेवरचे पंप महाग आणि गावातले स्वस्त, ही माहिती बरोबर आहे. पण ती काटा अर्ध्यावर असताना वापरायची असते.

चाकांचा इतिहास जेवणाकडे जातो. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या टायर बनवणाऱ्या भावांनी 1900मध्ये एक छोटे लाल पुस्तक छापून फुकट वाटले. प्रती 35,000 काढल्या. तेव्हा फ्रान्समध्ये गाड्या 3,000देखील नव्हत्या. टायर कसा बदलावा, मेकॅनिक कुठे भेटेल, इंधन कुठे मिळेल आणि मुक्काम कुठे करावा, हे त्या पुस्तकात होते. लोकांनी लांब जावे, टायर झिजवावेत आणि नवे घ्यावेत, हा साधा व्यापारी हिशेब. हॉटेलांना तारे 1926पासून मिळू लागले आणि हळूहळू पंक्चरचे पान मागे पडून ताटाचे पान पुढे आले. आज ज्या ताऱ्यासाठी स्वयंपाकी झोप उडवून घेतात, त्याचे मूळ घराणे असे पंक्चरवाल्यांचे आहे.

पंक्चरवाला स्वतः मात्र युरोपच्या रस्त्यावर दिसत नाही. महाराष्ट्रात झाडाला टांगलेला जुना टायर दिसला की जीव भांड्यात पडतो. तसले झाड आल्प्समध्ये नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीही नसते. डिकीचा तळ उचलला की स्टेपनीच्या खड्ड्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली मिळते. टायरच्या तळव्याला खिळ्याने पडलेले बारीक भोक हे द्रव बुजवते आणि ताशी 80 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने गॅरेजपर्यंत पोचवते. टायरची बाजू फाटली असेल तर त्या बाटलीचा उपयोग हात चिकट करून घेण्यापुरता. स्टेपनी असलीच तर पुढचा अडथळा नटांचा. चाके चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या खाचेचा असतो आणि तो एका खास सॉकेटनेच उघडतो. करंगळीएवढे ते सॉकेट कधी पुढच्या कप्प्यात, कधी डिकीत, तर कधी मागच्या सर्व्हिसिंगला जिथे चाक काढले त्या गॅरेजच्या टेबलावर असते. गाडी ताब्यात घेताना सगळे जण दारांवरच्या ओरखड्यांचे फोटो काढतात. सॉकेट आहे की नाही ते पाहत नाहीत. ओरखडे पडलेल्या गाडीने पुढे जाता येते, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

आल्प्सचे घाट ही ब्रेकची परीक्षा. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट 2,757 मीटर उंचीवर जातो. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यासाठी कार्लो दोनेगानी यांनी तो 1820 ते 1825 या काळात बांधला, म्हणजे मोटारीचा शोध लागण्याच्या साठ वर्षे आधी. एका बाजूला ओळीने 48 तीव्र वळणे आहेत आणि प्रत्येकाला क्रमांकाचा दगड आहे. चढताना प्रवासी ते मोजतात, उतरताना मोजणे बंद होते. सह्याद्रीतल्या काही चालकांना उतारावर गाडी न्यूट्रलला सोडून डिझेल वाचवण्याची खोड असते. ती आल्प्सच्या लांब उतारावर फार महाग पडते. गाडी न्यूट्रलला असली की सगळे ओझे ब्रेकवर येते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेकच्या जुन्या तेलात ओलावा शिरलेला असेल तर ते उकळून त्यात बुडबुडे होतात. मग पेडल पायाखाली मऊ लागते आणि तळाला जाते. उपाय जुना आणि फुकटचा आहे: ज्या गिअरने चढलो साधारण त्याच गिअरने उतरावे, इंजिनाला गाडी धरून ठेवू द्यावी, ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून सोडावा आणि वास आला तर थांबून देखावा बघावा. देखाव्यासाठी थांबण्याच्या जागा तिथे भरपूर आहेत. तिथल्या निम्म्या गाड्या देखाव्यासाठी थांबलेल्या नसतात, हे त्यांच्या चाकांजवळ गेल्यावर नाकाला कळते.

डोंगरावरून जाण्याऐवजी पोटातून जावे, तर बोगद्यांचे नियम आणखी कडक. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या 11.6 किलोमीटर लांबीच्या माँ ब्लाँ बोगद्यात 24 मार्च 1999 रोजी एका ट्रकने पेट घेतला आणि 39 माणसे गेली. त्यानंतर बोगदा तीन वर्षे बंद होता. आता तिथे दोन वाहनांत ठरलेले अंतर ठेवावे लागते, वेगाला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत आणि सुरक्षित आसऱ्याच्या खोल्या ठरावीक अंतरावर आहेत. बोगद्यात शिरण्यापूर्वी इंधनाचा काटा आणि तापमानाचा काटा पाहणे, हा त्या दिवसाने घालून दिलेला धडा आहे, आणि तो पाळायला अर्धे मिनिटही लागत नाही.

पुढचा बिघाड दिव्याच्या रूपाने येतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा साधा नियम असा की लाल लागला तर ताबडतोब थांबावे आणि पिवळा लागला तर लवकर चौकशी करावी. प्रत्यक्षात पिवळ्या दिव्यावर कौटुंबिक चर्चा होते, आणि ‘आपल्याकडेही तो लागतोच’ असा निष्कर्ष निघतो. नव्या डिझेल गाड्यांत यातला एक इशारा ॲडब्ल्यूचा असतो. हे 32.5 टक्के युरिया असलेले पाणी. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडून टाकण्यासाठी ते वेगळ्या टाकीतून सोडले जाते. ते संपत आले की गाडी अमुक किलोमीटरनंतर पुन्हा सुरू होणार नाही, असे पडद्यावर लिहून येते आणि उलटी मोजणी सुरू होते. धमकी खरी असते. आकडा शून्यावर आला तरी धावती गाडी धावत राहते, पण एकदा बंद केली की सुरू होत नाही. चहासाठी थांबलेले कुटुंब मग चहाच्या जागीच मुक्कामाला राहते. या टाकीचे निळे झाकण अनेक गाड्यांत डिझेलच्या झाकणाशेजारीच असते. युरियाचे पाणी घाईत डिझेलच्या टाकीत ओतले, तर त्यापुढे पेट्रोलची चूक किरकोळ वाटू लागते.

काही बिघाडांना कुठलाच दिवा नसतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये दगडी मार्टेन नावाचा, मांजरापेक्षा जरा लहान आणि लांबोडका प्राणी रात्री बॉनेटखाली शिरून रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतो. त्याला भूक नसते, राग असतो. उबदार इंजिनाची जागा त्याला आवडते आणि तिथे तो आपला वास सोडून ठेवतो. तीच गाडी दुसऱ्या गावी उभी राहिली की तिथल्या मार्टेनला परक्याचा वास येतो आणि हद्दीचा वाद रबरावर निघतो. वसंत ते उन्हाळा हा त्याच्या भांडणांचा मोसम आणि नेमका सहलींचाही. रोज नव्या गावी मुक्काम करणारी गाडी दर रात्री नवे शत्रू जोडत जाते. जर्मनीत मार्टेनच्या चाव्यासाठी विम्यात वेगळी तरतूद असते, आणि गाडीखाली लोखंडी जाळी पसरून ठेवणे हा घरगुती उपाय आहे. जाळीवर चालणे त्याला आवडत नाही. पुण्यातल्या सोसायट्यांत उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणाऱ्यांना हे सारे समजावून सांगावे लागणार नाही.

कारण कुठलेही असो, गाडी शेवटी कडेला उभी राहते. फ्रान्सने ऑक्टोबर 2008पासून प्रत्येक गाडीत चमकणारे पिवळे जाकीट सक्तीचे केले, जर्मनीने 2014मध्ये. फ्रेंच सरकारच्या जाहिरातीत ते जाकीट खुद्द फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी घातले होते. हे पिवळे आहे, कुरूप आहे आणि कशावरच शोभत नाही, पण जीव वाचवते, अशा अर्थाचा मजकूर खाली होता. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2018मध्ये, इंधनाच्या करावर चिडलेले फ्रेंच लोक रस्त्यावर उतरले तेव्हा आंदोलनाचा पोशाख प्रत्येकाच्या गाडीत सरकारी आदेशाने तयारच होता. जाकीट हाताशी, गाडीच्या आत असले पाहिजे, असा फ्रेंच नियम आहे; कारण ते घालूनच बाहेर पडायचे असते. महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाच्या गाडीत ते डिकीत असते. त्याच्यावर चार बॅगा, बॅगांवर चिवड्याचे डबे, डब्यांवर प्रेशर कुकर. ते काढायला जाकीट न घालता हायवेवर उभे राहावे लागते.

जाकिटानंतर त्रिकोण. तो गाडीच्या मागे काही अंतरावर ठेवायचा असतो. तो ठेवायला चालत गेलेल्या माणसांचेच जीव जाऊ लागले, म्हणून स्पेनने आपल्या देशातल्या गाड्यांना 1 जानेवारी 2026पासून त्रिकोणाऐवजी टपावर चिकटणारा लुकलुकता दिवा सक्तीचा केला. तो हात बाहेर काढून लावता येतो आणि गाडी कुठे थांबली आहे ते वाहतूक खात्याला आपोआप कळवतो. त्यानंतर माणसांनी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहायचे असते. मराठी कुटुंबाला हे अवघड जाते. गाडी बंद पडली की बॉनेट उघडावे, सगळ्यांनी त्याभोवती उभे राहून आत पाहावे आणि कुणीतरी एखादी वायर हलवून बघावी, ही रीत अंगवळणी पडलेली असते. कऱ्हाडजवळ असे उभे राहिले की पाच मिनिटांत पाच माणसे जमतात आणि त्यांतल्या एकाचा मेव्हणा मेकॅनिक असतो. युरोपच्या हायवेवर कुणी थांबत नाही. यात तुसडेपणा नाही. थांबणे बेकायदा असते.

मदत येते ती संस्थेमार्फत. ब्रिटनमध्ये 1905मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली ती मुळात पोलिसांनी वेग मोजायला लावलेल्या सापळ्यांची खबर देण्यासाठी. तिचे रस्त्यावरचे कर्मचारी सभासदाच्या गाडीला सलाम ठोकत. सापळ्याची उघड सूचना देणे कोर्टाला खपेना, तेव्हा पुढे सापळा असला की त्यांनी सलाम करायचा नाही, असे ठरले. सलाम न करणे हा काही गुन्हा होत नाही. जर्मनीतला एडीएसी हा क्लब 1903चा. आज त्याचे सभासद दोन कोटींहून जास्त आहेत. त्याची रस्त्यावरची मदत 1954मध्ये सुरू झाली, आणि पिवळ्या गाड्यांतून येणाऱ्या त्याच्या मेकॅनिकांना लोक पिवळे देवदूत म्हणतात. मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीने जीव देणे हे या देवदूतांचे नेहमीचे काम. फ्रान्सच्या हायवेवर मात्र आपला मेकॅनिक बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी फोनवरून कळवायचे, नेमून दिलेला टोचनवाला येतो आणि सरकारने ठरवलेल्या दराने गाडी घेऊन जातो. घासाघीस करायची सोय नाही, आणि हेच कुटुंबातल्या अनुभवी मंडळींना सर्वांत जास्त लागते.

जीवावर बेतले तर सगळ्या युरोपात 112 हा एकच क्रमांक. 31 मार्च 2018नंतर मंजूर झालेल्या नव्या मोटारींच्या मॉडेलांत जोराचा अपघात झाला तर गाडीच तो फिरवते आणि जागा कळवते. पुढच्या आरशाजवळ त्यासाठी एसओएसचे बटणही असते. ते दिवा लावायच्या बटणाजवळ असते, आणि अंधारात पडलेला चष्मा शोधणाऱ्या आजोबांशी एक अनोळखी बाई छतातून शांतपणे बोलू लागते.

गाडी गॅरेजमध्ये पोचली म्हणजे सुटलो, असे नाही. 1907च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत प्रिन्स बोर्गेझे यांच्या इटाला गाडीचे लाकडी चाक मोडले, तेव्हा रशियातल्या एका कारागिराने ते कुऱ्हाडीच्या जोरावर नीट करून दिले आणि गाडी शर्यत जिंकली. आजच्या गाडीला संगणक लावून दोष शोधावा लागतो, सुटा भाग मागवावा लागतो आणि भाग येतो पंचांग पाहून. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत 7.5 टनांवरच्या ट्रकना रस्ता बंद असतो आणि बहुतेक दुकानेही बंद. फ्रान्सच्या लहान गावात दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ; तेव्हा मेकॅनिकच्या दारात उभे राहणे असभ्य आणि निरुपयोगी. ऑगस्टमध्ये तर गॅरेजचा मालकच सुटीवर जातो. त्याच महिन्यात सगळा देश रस्त्यावर येतो म्हणून फ्रान्समध्ये 1976पासून ‘बिझाँ फ्युते’ ही सेवा गर्दीच्या दिवसांना रंग देते: हिरवा, नारिंगी, लाल आणि सर्वांत वाईट काळा. 15 ऑगस्टला भारतात झेंडावंदन असते, इटलीत फेरागोस्तो. त्या दिवशी गाडी बंद पडली तर जवळचे समुद्रकिनारे पाहून घ्यावेत, मेकॅनिक तिथेच असतो.

शेवटी गाडी परत करायची आणि हिशेब. विम्यात सगळे आले, असे काउंटरवर ऐकलेले असते. टायर, काचा, गाडीचा तळ, क्लच आणि चुकीचे इंधन वगळून सगळे, असे करारात असते. म्हणून गाडी घेताना आणि देताना तारीख-वेळेसह फोटो, टाकीच्या काट्याचा फोटो आणि परत घेतल्याची सही एवढे जवळ ठेवावे. त्यानंतरही एक प्रकरण उरते ते इटलीच्या जुन्या शहरांचे. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना यांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे भाग आहेत. तिथे फाटक नाही, पोलीस नाही, फक्त लाल किनारीचा पांढरा गोल फलक आणि कॅमेरा. नकाशातली बाई हॉटेलकडे नेता नेता त्या फलकाखालून नेते, चुकले म्हणून वळसा घालून पुन्हा आणते आणि प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा लागतो. भाड्याची गाडी देणारी कंपनी चालकाचे नाव पोलिसांना कळवण्याचे शुल्क आधी कापून घेते. दंडाचे पत्र स्वतंत्र येते. परदेशात राहणाऱ्याला ते पाठवायला इटलीच्या कायद्याने 360 दिवसांची मुदत दिली आहे, आणि मिळाल्यापासून पाच दिवसांत भरले तर 30 टक्के सूटही ठेवली आहे. तेव्हा युरोपातल्या मोटारप्रवासाची लांबी किलोमीटरमध्ये काहीही धरावी. मुदत धरताना मात्र परतीच्या विमानानंतरचे एक वर्ष त्यात मिळवावे.